एकच पंख

माझा मुलगा हवाई दलात होता. पायलट नव्हता. हे आधीच सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

एका सुट्टीत त्यानं गणवेश पहिल्यांदाच हुमनाबादला घरी आणला. इस्त्री करताना छातीवरचा बिल्ला दिसला. एकच पंख. बिदरच्या हवाई तळावरच्या पायलटांच्या छातीवर मी दोन पाहिले होते. वाटलं, धुताना दुसरा उसवून गेला. ब्लाऊज शिवूनच मी घर चालवलेलं. पिवळ्या जरीनं शेजारी दुसरा पंख भरून टाकला. चांगला भरला होता.

त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. "आई, दोन पंख पायलटला असतात. माझा एवढाच. हे घालून गेलो तर शिक्षा होईल."

मग बसून सांगू लागला. आधी काही वर्षं जमिनीवर हेलिकॉप्टरची इंजिनं दुरुस्त केली. मग पायलटबरोबर उडण्यासाठी डॉक्टरांनी कान-डोळे तपासले, पुन्हा शिकायला बसवलं, परीक्षा घेतली, हवेतले तास भरून घेतले. बरोबरचे कितीतरी गळाले. उडताना इंजिनाचा आवाज बदलला, तर पायलट याला विचारतो. त्याबद्दल मिळालेला हा पंख.

त्याचा बाप लॉरी चालवायचा. गाडीवर ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखालचा क्लीनर, मला तेवढंच कळत होतं. शेजारी जाऊ बसली होती. मी म्हणाले, "म्हंजे तू इमानाचा क्लीनरच की."

जाऊ हसली, मीही हसले. त्यानं ब्लेड मागून घेतलं आणि माझा पंख टाका टाका करून उसवला.

जावेनं ते गल्लीभर केलं. तो बाजारात दिसला की लोक विचारायचे, "काय क्लीनर, कवा आलास?" तो हसून पुढं जायचा. गणवेश मात्र पुन्हा घरी आला नाही. स्वतःच्या लग्नातही साधा सदरा घातला. लॉरीच्या क्लीनरला विचारून कुणी गाडी चालवत नाही, एवढं मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. मी म्हणाले, तो पंख दे, काचेत लावून भिंतीवर ठेवते.

"जमा केला," तो म्हणाला.

आमच्या गल्लीत फौजेतून निवृत्त झालेला एक हवालदार आहे. त्याचे सगळे बिल्ले त्याच्या भिंतीवर आहेत. जमा करावे लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी पुन्हा मागितला नाही.