आधी पाणी पी, मग वाच

ज्ञान दडवून बसणाऱ्या माणसांची सांधेताईला मनस्वी चीड. त्याला कारणही तसंच होतं. ती रिगिंगच्या कामाला लागली तेव्हा तिचा वरिष्ठ कुणी जवळ आलं की स्क्रीन फिरवायचा. "सगळं सांगून टाकलं तर आपल्याला कोण विचारणार?" हे त्याचं तत्त्वज्ञान! त्याच्या हाताखाली तिने तीन वर्षं काढली आणि काम शिकली ती त्याच्या मागच्या खिडकीच्या काचेत दिसेल तेवढं बघून.

रिगिंग म्हणजे काय, हे तिच्या वडिलांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं: "आमची लेक बाहुल्यांची हाडवैद्य आहे." खोटं नाही. अ‍ॅनिमेशनच्या सिनेमातलं पात्र आधी नुसतं पुतळ्यासारखं उभं असतं. त्याच्या आत हाडं घालायची, सांधे बसवायचे, हात वर केला की खांदाही बरोबर उचलला जाईल आणि काखेत कातडी चुरगळणार नाही अशी व्यवस्था लावायची. मग अ‍ॅनिमेटर त्याला नाचवतात आणि टाळ्या घेतात. रिगरचं नाव कुणी काढतं ते फक्त गुडघा भलतीकडे वाकला तर.

स्वतःची नोकरी पक्की झाल्यावर ताईने पहिलं काम केलं ते हे, की रिगर लोकांच्या सामाईक ब्लॉगवर 'सांधेताई' या नावाने लिहायला लागली. दर शनिवारी एक लेख आणि प्रत्येक लेखात स्वतःची एक चूक. हो, चूक! 'मी किती हुशार' सांगणारे पैशाला पासरी मिळतात. ही बाई आपण कुठे शेण खाल्लं ते आकृत्या काढून समजावायची. खांद्यावरच्या लेखासाठी तिने वडिलांना पन्नास वेळा हात वर करायला लावला होता. "अगं, मी काय बस थांबवतोय का?" असं ते ओरडले, पण हात वर करत राहिले.

वडील बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक. इंजिनवर चिडून पाना आपटणाऱ्या माणसाला ते म्हणायचे, "डोकं तापलं की समोरचा नट दिसत नाही. आधी पाणी पी." ते वाक्य लेकीने उचललं. ब्लॉगवर कुणी रडकुंडीला येऊन प्रश्न विचारला की तिच्या उत्तराची पहिली ओळ ठरलेली असायची: आधी पाणी पी, मग वाच.

सात वर्षं असं चाललं. मग वडिलांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. भाऊ म्हणाला, "बाई ठेवू सांभाळायला." ताई म्हणाली, "बाप माझा आहे." विषय संपला. नोकरी सुटली, लेख थांबले. चार वर्षं तिने खऱ्या खांद्याची आणि खऱ्या कोपराची कवायत करून घेतली, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. वडील काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले. उजव्या हातात मात्र चमचासुद्धा ठरेना.

आता तिला एका स्टुडिओने चाचणी दिली होती. वरच्या फळीवरून डबा काढणारी एक म्हातारी. तिचं रिग गुरुवारी दुपारपर्यंत हवं. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर बेचाळिसाव्या वर्षी, चार वर्षं घरी बसलेल्या बाईला पुन्हा कोण बोलावणार? हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी तिने हाडं घातली. हात वर ओढला आणि म्हातारीचं कोपर उलट्या बाजूला वाकलं! बघवत नव्हतं. हाडं काढली, परत घातली, तरी तेच. सॉफ्टवेअर नवं होतं, सगळे मेनू इकडचे तिकडे झालेले. दोष त्यातच असणार, असं धरून ती दीड दिवस त्या मेनूंच्या हात धुऊन मागे लागली.

"काय झालं?" पलंगावरून वडिलांनी विचारलं.

"या नव्या सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी खोट आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," वडील म्हणाले. बोलणं अजून जड होतं, पण टोमणा मारायला जीभ बरोबर वळत होती.

बुधवारी दुपारी वडिलांचा डोळा लागल्यावर ताई ओट्याला टेकून रडली. सपशेल संपलो आपण, असं तिला वाटलं. मग डोळे पुसून तिने तोच जुना ब्लॉग उघडला. पण स्वतःच्या नावाने विचारायचं? सांधेताईने, कोपर का उलटं वाकतं म्हणून? लाज नाही का वाटणार! तिने 'नवशिकी' असं नाव घेतलं आणि प्रश्न टाकला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

वीस मिनिटांत 'मुंगी' नावाच्या कुणा मुलीचं उत्तर आलं.

"आधी पाणी पी, मग वाच. तुझ्या पात्राचा हात अगदी सरळ रेषेत आहे ना? मग कोपराला कळणार कसं कुठल्या बाजूला वाकायचं? सांधे बसवतानाच त्याला किंचित बाक दे. रडू नकोस, ही चूक प्रत्येकाने केलेली असते. सोबत सांधेताईंचा लेख देते. आधीच का नाही वाचलास गं?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. लेख तिचाच. आकृतीही तिचीच, शेजारी लाल अक्षरात लिहिलेलं: 'इथे मी दोन दिवस वाया घालवले, तुम्ही घालवू नका.' शेकडो लोकांना शिकवलेली पहिली गोष्ट ती स्वतःच विसरली होती!

पण तिची नजर खिळली ती पहिल्या ओळीवर. तिने विचारलं, "हे पाण्याचं काय आहे?"

"काय माहीत!" मुंगीने लिहिलं. "मी नवी होते तेव्हा मलाही कुणीतरी असंच लिहिलं होतं. इथली रीतच आहे."

ताई मागची पानं उलटत गेली. चार वर्षांचे प्रश्न आणि उत्तरं. उत्तर देणारे सगळे अनोळखी, आणि दर दोन-चार उत्तरांआड तीच ओळ. ती गेल्यावर कुणीच कुणापासून स्क्रीन फिरवली नव्हती. तिला इतका आनंद झाला की पुन्हा रडू आलं. मग ती उठली, ग्लासभर पाणी प्यायली आणि म्हातारीच्या कोपराला किंचित बाक दिला. म्हातारीने हात वर केला, कोपर शहाण्यासारखं वाकलं, डबा हातात आला.

गुरुवारी अकरा वाजता काम गेलं. सोबत तिने लिहिलं, की दीड दिवस अडले होते आणि ब्लॉगवरच्या एका मुलीने सोडवलं. शुक्रवारी स्टुडिओच्या प्रमुख बाईंचा फोन आला. "तुमच्या खांद्याचं काम सुरेख आहे. आणि अडले होते असं स्वतःहून सांगणारं माणूस आम्हाला हवंच होतं. सोमवारपासून या."

शनिवारी चार वर्षांनी ताईचा लेख आला: 'मी पुन्हा कोपर उलटं वाकवलं'. नवशिकी म्हणजे मीच, हे तिने पहिल्याच ओळीत कबूल केलं. पाण्याचं वाक्य माझ्या वडिलांचं, हेही लिहिलं.

"अगं बाई!" मुंगीची कॉमेंट आली. "ताई, मी तुम्हाला 'रडू नकोस' म्हटलं? तुमचाच लेख तुम्हाला वाचायला सांगितला?"

"बरं केलंस," ताईने लिहिलं. "रडतच होते मी."

ताईने सगळं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती जण लिहितात गं, माझं वाक्य?"

"शेकड्यांनी असतील, बाबा."

"वा!" वडील म्हणाले. "सगळ्या जगाला पाणी पाजतेस, आणि बाप इथे सकाळपासून तहानलेला."

ताई हसत उठली आणि ग्लास भरून घेऊन आली. वडिलांनी उजवा हात पुढे केला. तिने ग्लास त्यांच्या हातात दिला आणि सवयीने कोपराकडे बघत राहिली. ते हळूहळू वाकलं. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, पण ग्लास ओठांपर्यंत पोहोचला.