हलगीला हलगी म्हणा

"ते कातडं उचल आधी. प्रसादाची शेगडी आहे ती."

मराठी मंडळाच्या सेक्रेटरींची बायको हे म्हणाली तेव्हा माझी हलगी जाळावर धरलेली होती. दुबईतल्या ऊद मेथातला भाड्याचा हॉल. मागे छोटं स्वयंपाकघर. एका बर्नरवर शिऱ्याचं पातेलं, शेजारचा रिकामा. त्या रिकाम्या बर्नरवर मी हलगी शेकत होतो. हॉलमधल्या एसीनं कातडं सैल पडलं होतं. थंड हलगी भद्द वाजते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वाजवायच्या आधी तिला जाळ लागतोच.

मी आपणहून गेलो नव्हतो. गणपतीत बायकांचं लेझीम बसवलं होतं आणि त्यांना हलगी हवी होती. माझ्याकडे आहे हे कुणीतरी सांगितलं, म्हणून बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

तेवढ्यात सेक्रेटरी साहेब आत आले. पांढरा कुडता, ट्रेडिंगचा धंदा, दुबई मरीनात घर. त्यांनी बायकोकडे पाहिलं, हलगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"तरीच."

एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. एकच शब्द, आणि मी विमानानं आलो होतो तो सगळा समुद्र ओलांडून परत गावात जाऊन पडलो.

मी गॅस बंद केला. बाहेर पार्किंगमध्ये गेलो. ऊन रणरणत होतं. कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर हलगी ठेवून तापवली. गाव तिथे महारवाडा म्हणतात, आणि त्याच्या शेजारी आमचा मांगवाडा असतोच. इथं त्याला पार्किंग म्हणतात. हे मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त कान तापले होते.

आत आल्यावर साहेब म्हणाले, "स्टेजवर सगळ्यांचं मॅचिंग आहे. तू पडद्यामागून वाजव."

वाजवली. पडद्याच्या काळ्या कापडाकडे तोंड करून वाजवली. पुढे लेझीम झालं, टाळ्या पडल्या. माझा बाप सांगोल्याकडच्या प्रत्येक वरातीत सगळ्यांच्या पुढे चालला आणि प्रत्येक पंगतीत सगळ्यांच्या शेवटी जेवला. पोरगं दुबईला गेलं, सुटलं, असं तो गावभर सांगत होता.

मी एका इव्हेंट कंपनीत कामाला आहे. स्पीकर चढवायचे, केबल ओढायच्या. अल कुझला आमचं गोदाम. तिथं साउंड बोर्डवर कोजो असतो. घानाचा. धिप्पाड, हसरा, आणि भयंकर हट्टी. आमची पोरं त्याला काळू म्हणायची. तो हातातलं काम थांबवून दर वेळी म्हणायचा, "नेम इज कोजो." न चिडता, न कंटाळता. मला आधी हसू यायचं. किती वेळा सांगशील बाबा? पण पोरं थकली, तो नाही थकला. शेवटी सगळे कोजो म्हणायला लागले.

कोजो रॅप करतो. हिप हॉप. टीव्हीवर सोन्याच्या साखळ्या घालून नाचतात तसलं काहीतरी असेल, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. तो त्याच्या ट्वी भाषेत गायचा. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण माणूस भांडतोय, कुणाची तरी खेचतोय, मग मधेच आठवणीनं हळवा झालाय, हे कळायचं. मरीनातल्या एका क्लबवाल्यानं त्याला सांगितलं होतं, इंग्लिशमध्ये गा, अमेरिकन स्टाइलनं, दर वीकेंडला ठेवतो. हा नाही म्हणून परत आला.

"माय ग्रँडमदर नो इंग्लिश," मला म्हणाला. "हू विल टेल हर व्हॉट आय सिंग?"

प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तो आधी नाव सांगायचा. स्वतःचं, आईचं, मग समुद्राकाठची ती गल्ली जिथं त्याची आजी मासे विकायची. मी विचारलं, हे रोज कशाला?

"फर्स्ट यू से हू यू आर. देन दे कॅन लिसन, ऑर गो होम."

मला आयुष्यभर नाव विचारलं गेलं ते मोजमाप घ्यायला. हा गडी कुणी न विचारता माइकवर सांगत होता.

एका दुपारी त्याला माझ्या लॉकरमध्ये हलगी दिसली. "कुछ नहीं, पुराना है," मी म्हणालो. त्यानं बोटानं टकटक केलं. भद्द. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. चहाच्या शेगडीवर मी ती तापवली, वाजवायचं टिपरू घेतलं आणि जत्रेतला ठेका धरला. कोजो स्पीकरच्या खोक्यावर बसून आधी हसत होता. मग हसायचा थांबला. उठून त्यानं माइक लावून रेकॉर्डिंग चालू केलं.

वाजवून झाल्यावर म्हणाला, त्याच्या गावात ढोल वाजवणारा राजाच्या शेजारी बसतो. "अँड यू?"

"बाहर," मी म्हणालो.

त्याला कळेना. मग हिंदीत सगळं सांगितलं; आमच्यात राहून तेवढं तो शिकला होता. मांगवाडा, पंगत, शेगडी, बॉनेट, पडदा. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"अँड यू प्लेड?"

मला राग आला. तुला काय कळतंय, म्हणालो, आणि केबल उचलून चालता झालो. पण तो प्रश्न काही माझ्या मागून हटेना. खरं तर राग त्याच्यावर नव्हताच.

त्यानं त्या ठेक्याखाली जाड बेस घातला, वर ट्वीमधला रॅप, आणि गाणं तयार झालं. फोनवरून फोनवर गेलं. इंडियन शाळांमधली पोरं त्यावर नाचू लागली. आणि पुढच्या गणपतीत मंडळानं मुलांच्या डान्ससाठी हेच गाणं निवडलं. गायक प्रत्यक्ष येऊ दे, ड्रम वाजवणाराही येऊ दे, असा साहेबांचा आग्रह. कोजो मला घेऊन गेला.

तोच हॉल. साहेब कुणाला तरी सांगत होते, "गाडीत रोज तेच लावतो. काय आफ्रिकन बीट आहे! रक्तातच असतं यांच्या."

त्यांचा मुलगा माझ्या हातातली हलगी बघून धावत आला. "डॅड, धिस इज द गाय! ही प्लेज दॅट आफ्रिकन ड्रम!"

साहेबांनी वळून पाहिलं. ओळखलं. चेहरा पडला, पण धंद्यातला माणूस, लगेच सावरला. मला खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं. वर्षापूर्वी हात लावला नव्हता.

"हे बघ, आपण आफ्रिकन पर्कशन म्हणून अनाउन्स करू. हलगी म्हटलं की लोकांचा मूड जातो. आणि तुझंही झाकलेलं राहील. चल, यल्ला, खलास."

तुझंही झाकलेलं राहील. मला वाटलं होतं मी हात जोडीन, मान हलवीन. सवय होती. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"साहेब, हलगीला हलगी म्हणा. नाहीतर वाजणार नाही."

"त्या काळ्याला विचार, त्याला प्रोग्रॅम हवाय."

कोजो मागेच उभा होता. तेवढं त्याला बरोबर कळलं. "नेम इज कोजो," तो म्हणाला. "नो हलगी, नो साँग."

साहेब माझ्याकडे वळले. "तुझ्या मॅनेजरला फोन करतो मी. व्हिसावर आलायस, विसरू नकोस."

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा ते 'झाकलेलं' जास्त लागलं होतं.

"करा," म्हणालो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. तीच शेगडी. तीच बाई पातेल्याशी.

"वहिनी, गॅस पेटवतोय."

ती पातेलं उचलून लांब उभी राहिली. मी हलगी शेकली, सावकाश, कडा फिरवत, कातडं कडकडेपर्यंत.

मग पडद्याच्या पुढे आलो. माइक घेतला. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. "मी मांगवाड्यातला. ही हलगी. इतके दिवस तुम्ही जिच्यावर नाचताय ती हीच." कोजोनं त्याचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आणि मी टिपरू हाणलं.

पहिल्या रांगेतले काहीजण उठून नाश्त्याला गेले. पोरं नाचली. कुणी येऊन माफी मागितली नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. फोन झालाच. मॅनेजरनं वॉर्निंग दिली. मंडळानं पुन्हा बोलावलं नाही.

आता कुणी बोलावलं की मी आधी विचारतो, शेगडी कुठं आहे? टाळाटाळ केली तर फोन ठेवतो. माझी हलगी तापेल ती आत, तुमच्याच जाळावर, सगळ्यांच्या देखत. ज्याला विटाळ होत असेल त्यानं बाहेर उभं राहावं. पार्किंग मोकळंच आहे.