बियाण्याची वांगी

खापा-सावनेरच्या भागात भाजी पिकवणारे शेकड्यांनी असतील, पण भाजीची खुशाली विचारणारा माणूस एकच होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणत असू. खाप्याला कन्हान नदीच्या काठाजवळ त्यांची दोन एकरांची वाडी होती. पहाटे उठून तोंड धुण्याआधी ते वाडीत एक फेरी मारत. ती पाहणी नसे, भेटीगाठी असत. दोडक्याच्या वेलापुढे उभे राहून, "काहून गा, आज मान टाकली?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाटही पाहत. कारल्यापाशी तर त्यांचा पाय निघत नसे. चुलीपुढून काकी म्हणत, "लग्न झालं तवापासून माह्यासंग बोलले नसन तेवढं हा मानूस त्या कारल्यासंग बोलते." यावर काकाजी शांतपणे म्हणत, "कारलं मंधात बोलत नाई वं."

मी त्या घरचा जावई झालो ते सत्तर सालाच्या आसपास. नागपूरला रामदासपेठेतल्या एका कचेरीत मी कारकून होतो. लग्नानंतर पहिल्यांदा खाप्याला गेलो, तेव्हा चहाच्याही आधी काकाजींनी मला वाफ्यावाफ्यांतून फिरवलं आणि ओळख करून दिली. भाज्यांची मला नव्हे, माझी भाज्यांना. "हे आपले नागपूरचे जावईबापू," असं त्यांनी पालकाला सांगितलं, आणि मी पदवीधर माणूस, हात जोडता जोडता थांबलो.

ज्या भाजीचे दिवस नाहीत ती भाजी त्यांच्या तोंडात जात नसे. एकदा ऐन मे महिन्यात नागपूरला एका बड्या घरचं लग्न होतं. पंगतीत डब्यातले मटार वाढले. काकाजींनी एक दाणा बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि वाढप्याला विचारलं, "याले एवढ्या उन्हात कोनं उठवलं?" मग वरण-भात खाऊन ते उठले. बाजारात तर त्यांच्याकडून भाजी घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं. कशी करणार, कशात परतणार, कोण खाणार, सगळं सांगावं लागे. वांग्यात टमाटर टाकीन म्हणणाऱ्या एका बाईंच्या पिशवीतून त्यांनी वांगी परत काढून घेतली होती. "तुमी दुसरीकडून घ्या बाई. यायले सवय नाई."

आमच्याकडे दर आठवड्याला ते एसटीच्या कंडक्टरबरोबर पोतडी पाठवत, आणि सोबत तोंडी हुकूम. बिचारा कंडक्टर नागपूरच्या स्टँडवर प्रवाशांच्या देखत मला पाठ म्हणून दाखवी, "मेथी आजच्या आज, मुळा उद्या, कोहळं पाहुणे आल्यावर, आन सांभार पाण्यात ठेवा, फडक्यात नको." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

पण काकाजींचा खरा जीव होता वांग्यात. ते त्यांच्या आजाच्या वेळचं वांगं होतं. हिरवट अंगावर जांभळी झाक, देठाला काटे, आणि ओंजळीत मावेल न मावेल असा आकार. दर हिवाळ्यात ते सहा झाडं निवडत आणि प्रत्येकावरच्या सगळ्यात देखण्या फळाला लाल दोरा बांधत. दोऱ्याचं वांगं कुणी तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकायचं, आणि त्याचं बी पुढच्या साली पेरायचं. पेरून उरलेलं बी ते मागेल त्याला वाटून टाकत. "डब्यात ठेवलेलं बी आळशी होते," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे घरात जुनं बी कधीच नसे. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि मी ते विसरलो नव्हतो. पुढची गोष्ट सांगताना हे आधी कबूल केलं पाहिजे.

पुढे एका हिवाळ्याच्या अखेरीस माझी बदली चांद्याला होणार अशी कचेरीत कुजबुज होती. घरात मुलगी दोन महिन्यांची, बायकोची तब्येत नाजूक. ही अडचण साहेबांच्या कानावर घालायला एकान्त हवा, म्हणून मी त्यांना वाडीवर भरताच्या पार्टीला बोलावलं. साहेब आणि त्यांच्या बाई जीपने आले. काकाजी त्या दिवशी सावनेरच्या बाजाराला गेले होते. हंगाम संपत आला होता; काकींनी झाडांवरची उरलीसुरली वांगी तोडून कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली, भाकरी थापल्या. साहेब बोटं चाटत जेवले. मग बाई वाडीत फिरायला निघाल्या, मी मागे मागे. दोऱ्याच्या वांग्यापाशी त्या थांबल्या.

"अगंबाई, केवढं सुरेख! अशी अजून आहेत का हो? घरी नेली असती."

"न्या की," मी म्हणालो.

"आणि हा दोरा कशाचा?"

"असाच. मुलांनी बांधला असेल."

सहाही वांगी मी स्वतःच्या हाताने कापली. दोरे सोडवून पँटच्या खिशात कोंबले. टोपली भरून बाईंच्या मांडीवर दिली. जीप वाडीच्या तोंडाशी आली, तेवढ्यात समोरून काकाजींची बैलबंडी आली. ते खाली उतरले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जीपचं चाक पाहू लागलो. काकाजींनी बाईंना हात जोडले आणि म्हणाले, "भरीत करा बाई. टमाटर नका टाकू."

पुढच्या रविवारी मी बोलणी खायच्या तयारीने खाप्याला गेलो. दारातच काकी म्हणाल्या, "आयकलं का, रोह्यानं बियाचे वांगे खाल्ले! एक ठेवलं नाई." रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे ती पिकात शिरते हे खरं, पण त्या वाडीत रोही कधी आल्याचं मी ऐकलं नव्हतं. मागे गेलो तर काकाजी बाभळीच्या फांद्या रोवून कुंपण घालत होते. कधीच न आलेल्या जनावरासाठी हा माणूस दोन दिवस काट्यांत हात घालत होता. मी खाली बसलो आणि एकेक फांदी त्यांच्या हातात देऊ लागलो. बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "काकाजी, रोही दोऱ्याचेच वांगे कसे खाते गा?"

"शिकलेला रोही असन," काकाजी म्हणाले. शेजारी हसला. मीही हसलो.

त्या उन्हाळ्यात ते ज्यांना ज्यांना बी दिलं होतं त्यांच्या दारी गेले. प्रत्येकाने त्या वांग्याच्या शेजारीच नवं, चकचकीत जांभळं वांगं लावलेलं होतं आणि दोन्हींची सरमिसळ झाली होती. एका ठिकाणी त्यांनी बियाला राखलेलं एक फळ बराच वेळ हातात धरलं, असं काकींनी मला सांगितलं. "तोंड वळखीचं हाये, पन आपलं नाई," म्हणाले आणि परत आले. पावसाळ्यात त्यांनी दुकानातून आणलेलं पाकिटातलं बी पेरलं. वांगी भरपूर आली. त्यांच्याशी मात्र ते बोलत नसत. बाजारातही कोणी वांगं उचललं, तर कसं करणार म्हणून विचारणं त्यांनी सोडून दिलं.

माझी बदली टळली. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, पार्टीनंतर महिन्याभरात साहेबांचीच बदली झाली. निरोपसमारंभात बाई मला म्हणाल्या, "तुमची ती वांगी मात्र फसवी निघाली हो. नुसत्या बिया! गाईला घातली शेवटी."

त्यानंतर सात-आठ वर्षांनी काकाजींना छातीच्या दुखण्यासाठी नागपूरला आणलं. दवाखाना माझ्या कचेरीपासून दोन गल्ल्यांवर होता. दुपारचा डबा मी नेत असे. एका दुपारी काकी औषध आणायला गेल्या होत्या आणि खोलीत आम्ही दोघेच होतो. इतकी वर्षं जिभेवर असलेलं बोलायचं मी ठरवलं.

"काकाजी, त्या बियाच्या वांग्यांचं..."

"रोही होता," ते म्हणाले.

"काकाजी, मी..."

"सांगतलं ना जावईबापू, रोही होता तो. डबा खाली ठेवा." मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "पोरगी किती मोठी झाली आता?"

मी डबा खाली ठेवला आणि मुलीबद्दल सांगू लागलो. ती कितवीत आहे, चित्रं कशी काढते. ते ऐकत होते. दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्याला वाडीवर सगळे जमले होते. पंगत उठल्यावर काकी नातेवाइकांना काकाजींच्या गोष्टी सांगत बसल्या. कारल्याची सांगितली, मटाराची सांगितली, सगळे डोळे पुसत हसत होते. मग रोह्याची निघाली. सांगता सांगता काकी माझ्याकडे वळल्या.

"तुमाले आठवते ना जी तो रोही?"

"आठवतो," मी म्हणालो. "चांगला आठवतो."