‘शे’वर संपणारी ओळ

गोरख गेल्याचा फोन आला, तेव्हा तो माझ्या गल्लीतून चालला होता. म्हणजे त्याचा आवाज चालला होता. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, धुळ्यात साड्यांचा सेल लागलेला, आणि भोंगा बांधलेली रिक्षा सकाळपासून आमच्या भागात फिरत होती. ‘खुशखबर! खुशखबर! धुळेकर भगिनींनो, ही संधी पुन्हा येणे नाही…’ आणि इकडे फोनवर कॉलेजातला मित्र चेतन सांगत होता, “सुजाता, गोरख गेला गं. काल दुपारी.” मी म्हटलं, “काहीतरी काय बोलतोस? तो बघ, खाली ओरडतोय.” रिक्षा कोपऱ्यावर वळली, आवाज लांब गेला, आणि मग मी काय बोलून बसले ते माझं मला कळलं.

तुमच्यापैकी धुळे-जळगावकडच्या बहुतेकांनी गोरखला ऐकलेलं आहे, नाव माहीत नसेल इतकंच. साड्यांचा सेल, नव्या क्लासचं उद्घाटन, ‘आपला टीव्ही आजच दुरुस्त करून घ्या’… रिक्षावरचा तो खणखणीत आवाज त्याचा. शेवटची तीन वर्षं त्याचा हाच धंदा होता. पत्र्याच्या एका खोलीत, खिडकीला गोधड्या टांगून, तो जाहिराती रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर आवाजात घरघर येते. एप्रिलचं ऊन, सणाची घाई, एकामागून एक जाहिराती. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले. अठ्ठाविसाव्या वर्षी! मला रडू येण्याआधी त्याचा रागच येतो. मध्ये एकदा पंख्याचं बटण दाबायला तुझं काय जात होतं रे?

पण मला लिहायचंय ते त्या आधीच्या गोरखबद्दल. तो रॅपर होता. जळगावच्या कॉलेजात मी मराठीची एम.ए. करत होते आणि तो शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.कॉम.ला आला होता. कॅन्टीनमागं गाड्या लावायच्या जागेत पाच-सहा पोरं गोल करून उभी राहायची, एकजण तोंडानं ताल धरायचा आणि बाकीचे पाळीपाळीनं रॅप करायचे. या गोलाला सायफर म्हणतात हे ज्ञान मला तिथंच झालं. मीही चार ओळी म्हणायचे, त्यामुळे त्या गोलात एकुलती एक मुलगी म्हणून माझा फार रुबाब होता. सगळे मुंबईच्या गल्लीतल्या हिंदीत बोलायचे, आणि मुंबईची गल्ली आमच्यापैकी कुणीही पाहिलेली नव्हती. एक दिवस हा काटकुळा पोरगा आत घुसला आणि सरळ अहिराणीत सुरू झाला. आधी हशा पिकला. मग हसणं बंद पडलं. मग ताल धरणाराच ताल विसरला. कुणीतरी विचारलं, “कितना याद है रे तुझे?” तो म्हणाला, “बठ्ठा.” म्हणजे सगळं. तेव्हापासून त्याचं नाव बठ्ठा पडलं.

पुढं आम्हाला क्लब नाइट करायची हुक्की आली. जळगावात क्लब कुठला, आणि रात्र तर आम्हाला मुळीच झेपणारी नव्हती. मुलींना सातच्या आत घरी पोचायचं असायचं, पारोळ्याची पोरं एसटीनं परत जाणारी. म्हणून आमची क्लब नाइट भर दुपारी साडेतीनला असायची. चेतनच्या वडिलांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं, त्यावर एक रिकामा हॉल. त्याचे बाबूजी राजस्थानकडचे, धर्मभीरू गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “नाच-गाना है या भाषण?” चेतन म्हणाला, “भाषण.” ते काही अगदीच खोटं नव्हतं. केळीच्या बागेत अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर आम्ही दुकानातूनच आणला आणि सगळ्या खिडक्यांवर चिकटवला. रात्र तयार. आत पन्नास-साठ पोरं, दोन भाड्याचे स्पीकर, आणि उकाडा असा की भिंतीला टेकलेला माणूस भिजून परत यायचा. त्या अंधारात गोरख माइक घेऊन उभा राहिला की त्याच्या घरच्या गोष्टी अशा यायच्या, जसं काही समोर बसून तो तुम्हालाच सांगतोय.

आता माझं पाप सांगते. अहिराणीत वाक्य ‘शे’वर येऊन थांबतं. घर शे, ऊन शे, माय शे. त्यामुळे यमक आपोआप जुळतं, न मागता मिळतं. मी एम.ए.ची, छंदशास्त्र नुकतंच डोक्यात शिरलेलं. मी त्याला म्हटलं, “ही फुकटची यमकं आहेत. आणि शे-शे काय लावलंयस, शी-शी केल्यासारखं वाटतं.” सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, “ओ मास्तरीन, मन्हा गावमा बठ्ठा लोक शेवरच थांबतस. मी कोठे थांबू?” मी उत्तरादाखल लाल पेन उघडलं. तो स्वतः काही लिहायचा नाही, सगळं डोक्यात. वही मी करायचे. तो बोलायचा, मी उतरवायचे, आणि उतरवता उतरवता ‘शे’चं ‘आहे’ करायचे, ‘मन्हं’चं ‘माझं’ करायचे. पुढच्या वेळी तो हॉलमध्ये मूळचंच म्हणायचा आणि मी वैतागायचे.

इतकी मी कुठली शुद्ध? माझे वडील अमळनेरकडच्या खेड्यातले. गावाहून फोन आला की ते गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि तिथं हळू आवाजात अहिराणी बोलायचे. घरात आले की पुन्हा प्रमाण मराठी. लहानपणी मला वाटायचं, गॅलरीत बोलायची भाषा वेगळी असते. हे मला गोरखला सांगता आलं असतं. सांगितलं नाही, लाज वाटली.

मग मुंबईच्या एका संगीत कंपनीनं त्याला हेरलं. त्याच्या चॅनेलवर एकोणीस व्हिडिओ होते, सगळे त्या काळ्या हॉलमधले, सगळे अहिराणीत. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, आवाज जबरदस्त आहे, पण भाषा फार आतल्या भागातली आहे, हिंदीत करा. आणि जुने व्हिडिओ काढून टाका, कलाकाराची ओळख एकसारखी दिसली पाहिजे. गोरख माझ्या खोलीवर आला. माझ्या कॉम्प्युटरवर चॅनेल उघडला, माउसवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. “तू कर ना,” तो म्हणाला. मी त्याच्या हातातून माउस घेतला. मी मनात म्हणत होते, माझा मित्र मोठा होतोय. एकोणीस वेळा मशिननं विचारलं की नक्की काढायचं का, आणि एकोणीस वेळा मी हो म्हटलं. मूळ फाइली त्याच्या फोनमध्ये होत्या. तो फोन मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात पाण्यात गेला. मी ‘शे’चं ‘आहे’ केलं होतं, कंपनीनं ‘आहे’चं ‘है’ केलं. मधली पायरी मी होते.

कंपनीनं त्याचं एकच गाणं काढलं. चकचकीत व्हिडिओ, मागं उंच इमारती, आणि गोरख कुणाचंतरी जाकीट घालून हिंदीत रागावलेला. ते चाललं नाही. पुढचं गाणं काढतो काढतो म्हणत त्यांनी त्याला दोन वर्षं लटकवून ठेवलं, आणि करारामुळं त्याला दुसरीकडं गाता येईना. करार संपला तेव्हा तो धुळ्याला परत आला आणि भोंग्याच्या धंद्यात पडला. तोवर मीही इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. आम्ही भेटायचो, चहा प्यायचो. “पुन्हा सुरू कर ना,” मी म्हणायचे. तो म्हणायचा, “सुरू करतो.” असं, प्रमाण मराठीत. माझ्याशी अहिराणी बोलणं त्यानं कधी बंद केलं ते मला आठवत नाही. मी ते लक्षातसुद्धा घेतलं नव्हतं. शेवटचं भेटलो तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, “मॅडम, ‘भव्य सेल’ बरोबर आहे की ‘महासेल’?” पूर्वी तो मला मास्तरीन म्हणायचा.

दहाव्याला मी त्याच्या गावी गेले. घरात त्याची माय एकटीच, वडील मागेच गेलेले. माझा हात धरून ती म्हणाली, “बाई, तो तुन्हाजोडे गाना म्हने ना? मले त्याना आवाज आयकाड.” मला बरंच वाटलं, काहीतरी देता येईल म्हणून. मी कंपनीचं गाणं लावलं. तिनं सगळं ऐकलं, शेवटपर्यंत, आणि विचारलं, “हाऊ कोन शे?” मी घाईघाईनं जाहिरातीची फाइल लावली. खुशखबर, खुशखबर. तिनं फोन माझ्या हातात परत दिला. “हाऊ मन्हा आंडोर नही, बाई. मन्हा आंडोर आसा बोलत नही.” आंडोर म्हणजे मुलगा. बाहेर बायका रडत होत्या. ती मात्र माझ्याकडं नुसती बघत बसली. दुकानदारानं चुकीची वस्तू दिल्यावर गिऱ्हाईक बघतं, तशी.

तेव्हापासून मी वेड्यासारखी शोधते आहे. त्या हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला फोन केले. कुणी शिरपूरला सूतगिरणीत आहे, कुणी पुण्यात, कुणी विमा विकतो. “अगं, होतं काहीतरी माझ्याकडं, पण फोन बदलला…” हेच उत्तर. कंपनीला पत्र पाठवलं, उत्तर नाही. चॅनेलवाल्यांना लिहिलं तर मशिनचं उत्तर आलं की काढलेलं परत येत नाही. एका दुरुस्तीवाल्यानं माझा जुना कॉम्प्युटर आठवडाभर ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, “मॅडम, यात काही नाही, तुमच्या नोट्स आहेत फक्त.” शेवटी मी माझ्याच वहीतल्या ओळी उलट्या फिरवून पाहिल्या. ‘आहे’ काढून ‘शे’ घातलं, ‘माझं’ काढून ‘मन्हं’ घातलं. पण ते नाटकातला विनोदी खेडूत बोलतो तसं वाटायला लागलं. लयच बसेना. मी काढली होती तिथून ती गेलेली होती.

म्हणून हा लेख. स्मृतिलेखात आठवणी सांगतात, मी हात जोडते आहे. जळगावच्या त्या काळ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये तुम्ही कधी आला असाल, तर कपाटात, माळ्यावर, पोरांच्या खेळण्यांत पडलेला तुमचा जुना फोन एकदा चार्ज करून बघा. अर्धं गाणं असलं तरी चालेल. मागून कुणी बोलत असलं तरी चालेल. या पुरवणीच्या पत्त्यावर कळवा, मी कुठंही येईन.

गेल्या रविवारी चेतनला काहीतरी सापडलं. अकरा सेकंद. मी ती क्लिप घेऊन त्याच दिवशी गावी गेले. माय ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. चित्र काळं, काहीच दिसत नाही, पोरांचा गोंगाट. मग गोरख… माइकवर टकटक. “ओ, मांगलास्ले ई ऱ्हायना का आवाज? ई ऱ्हायना का?” मागच्यांना आवाज येतोय का, असं विचारत होता.

“ई ऱ्हायना, भाऊ,” माय म्हणाली. फोनला. “ई ऱ्हायना.”

“मंग सुरू करस मी,” गोरख म्हणाला, ताल सुरू झाला आणि क्लिप संपली.

मायनं माझ्याकडं पाहिलं. फोडलेली शेंग हातात तशीच. “आते फुडे काय बोलस तो?”

मला पुढचं येत होतं. त्या तालावर कुठलं गाणं यायचं ते मला झोपेतही सांगता येईल, शब्दन् शब्द पाठ आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या स्वच्छ, सुरेख, शाळेतल्या आवाजात म्हटलं, “पत्र्याचं घर आहे माझं, ऊन हक्काचं आहे…”

दुसरी ओळ मला म्हणता आली नाही. माय ऐकून घेत होती, पाहुणीचं ऐकून घ्यावं तसं, आणि मी थांबल्यावर तिनं मान हलवली.

“चांगलं शे, बाई,” ती म्हणाली. “पन हाई तुन्हं शे.”

आणि तिनं मांडीवरचा फोन पुन्हा दाबला.