माझ्या हातची गाठ

"मावशी, चहा तिकडे मागे न्या. पाहुणे अजून यायचेत."

माझ्या हातात मासळीचा निळा क्रेट होता, वर जुना टॉवेल झाकलेला. क्रेटचं दुसरं टोक माझ्या नणंदेच्या हातात. समोर रत्नागिरीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नोंदणीचं टेबल आणि टेबलामागे गळ्यात ओळखपत्र लटकवलेला मुलगा. त्यानं धड वर बघितलंसुद्धा नाही. दोन साड्या दिसल्या, की त्याला चहा दिसला.

मी क्रेट त्याच्या कागदांवर ठेवला. चौदा किलोचा. टेबल कण्हलं. मग जादूगार ओढतो तसा टॉवेल ओढला.

"चहा नाही. रोबो आहे. लढायला आणलाय."

"मुलाचा का?"

"माझा."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या मुलानं अर्ज पुढे ओढला. कॉलेज? हातखंबा, म्हटलं. पुन्हा हशा. व्यवसाय त्यानं विचारलाच नाही. स्वतःच लिहिलं, 'गृहिणी'.

"खोड ते. वाइंडिंग कारागीर लिही."

"मावशी, रकाना छोटा आहे."

रकाना छोटा आहे! सत्तेचाळीस वर्षं हेच ऐकत आले. फक्त इतक्या सरळ कुणी म्हटलं नव्हतं.

मी पूर्णगडची. बाप होडीवर, आई टोपली घेऊन दारोदार. लग्न होऊन हातखंब्याला आले. नवरा मुंबईला कंपनीत. सासऱ्यांचं हायवेला मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांचे डोळे अधू झाले तसे माझे हात कामाला लागले. पंप, पंखे, मिक्सर. जळलेली तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश द्यायचं. शेवटी तारांची टोकं दोऱ्यानं बांधायची. सासरे साधी गाठ मारायचे. मी जाळ्याची मारते, बापानं शिकवलेली. दुहेरी फेर घेऊन खालून ओढायची. मोटर कितीही थरथरो, ती सुटत नाही. हातखंब्यापासून समुद्रापर्यंत दुसरं कुणी मोटरीवर अशी गाठ मारत नाही.

माझं मोठं गिऱ्हाईक अण्णा. आंब्याची कलमं मोजता मोजता गडी थकतील एवढी बाग. अण्णांचे सगळे पंप माझ्या हातचे. पण एकदा मी त्यांच्या मागीलदारी पंप जोडत होते, तेव्हा अण्णा पाहुण्यांना बाग दाखवत तिथे आले. पंप सुरू झाला, पाणी धो धो. पाहुणे म्हणाले, वा! अण्णा म्हणाले, "आमच्या सोहमनं दुरुस्त केला. डोकं आहे पोराचं." सोहम तेव्हा आठवीत. मी तिथेच, हातभर अंतरावर, पान्हा घेऊन उकिडवी बसलेली. मी काय केलं? हसले. खरंच हसले. लाज वाटते ती त्या हसण्याची.

तर ही स्पर्धा. तिची जाहिरात कॉलेजच्या मुलांनी माझ्याच शटरवर चिकटवली होती. 'लढाऊ रोबोंची स्पर्धा. खुला गट. कोणीही भाग घेऊ शकतो.' कोणीही! मी तो शब्द तीन वेळा वाचला आणि खरा मानला. सहा महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून बनवला. भंगारातला पत्रा, गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, पुढे फावड्यासारखं पातं, खालून शिरणारं, वर उचलणारं. नाव ठेवलं कुर्ली. खेकडीला आम्ही तेच म्हणतो. बुटकी, रुंद, तिरकी चालणारी आणि धरलं की न सोडणारी.

स्पर्धेला प्रमुख पाहुणे कोण? अण्णा. आणि पहिल्या फेरीत माझ्यासमोर कोण? सोहम. आता शेवटच्या वर्षाला. त्याच्या रोबोचं नाव 'रणवीर'. वर गरगर फिरणारी पोलादी चकती, काळा रंग, चार जणांचे सारखे टी-शर्ट.

लढतीआधी तपासणी असते. प्राध्यापक प्रत्येकाचं झाकण उघडून बघतात. कुर्लीपाशी आले, पेनच्या टोकानं तिला ढोसलं. मेलेलं घुबड ढोसतात तसं. "जुगाड आहे," म्हणाले, आणि पुढे गेले. रणवीरचं झाकण उघडलं. मी टाचा वर करून बघितलं.

चकतीच्या मोटरीवर माझी गाठ.

महिन्यापूर्वी अण्णांचा गडी ती मोटर घेऊन आला होता. "नाजूक काम आहे, वैनी. अण्णा म्हणाले, तुम्हीच करा." मी तीन दिवस भिंग लावून बसले होते.

सोहम प्राध्यापकांना सांगत होता, "सर, वाइंडिंगसकट सगळं आम्ही स्वतः केलं."

टाळ्या. अण्णांची टाळी सगळ्यात मोठी.

नणंद माझ्या कानात म्हणाली, "वैनी, बोल ना गो!" मी बोलले नाही. सवय. जीभ टाळूला चिकटून बसली, जुन्या पंपाच्या झाकणासारखी.

मग चाचणीत चकती फिरवली आणि ठिणगी उडाली. मी तीन गाठी मारल्या होत्या. त्यातली एक या शहाण्यांनी कापली होती, सुटसुटीत दिसावं म्हणून. आता मोकळी तार मोटरीच्या फिरत्या कवचाला घासत होती. लढतीला दहा मिनिटं. सोहम इकडे तिकडे बघत माझ्याकडे आला. आवाज एकदम बारीक.

"काकू, ती गाठ जरा पुन्हा मारून देता का?"

"कुठली गाठ?"

"ती... तुम्ही मारलेली."

"मोठ्यानं बोल. पंख्याचा आवाज आहे."

त्यानं नुसतं रणवीरकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "देते की! दोन मिनिटांचं काम. आधी माइकवर सांग, हे वाइंडिंग कुणी केलं."

सोहमनं बापाकडे बघितलं. अण्णा उठून आले. चेहऱ्यावर बागेतलं हसू.

"अगो, हट्ट कसला करतेस? पोराचं शेवटचं वर्ष. तुझं काय जाणार आहे?"

"माझं गेलंच आहे, अण्णा. ते परत मागतेय."

"सीझन तोंडावर आहे. आमचे पंप नकोत का तुला? आणि मी एकटा नाही, बाकीचे बागायतदारही माझं ऐकतात."

झालं. हसू संपलं, खरे अण्णा बाहेर आले. माझ्या दुकानाचं निम्म्याहून जास्त काम या माणसाच्या शब्दावर चालत होतं. त्यांना माहीत होतं. मलाही.

"पंप ठेवा तुमच्याकडे," मी म्हटलं. "गाठ मिळणार नाही."

किती सोपं वाक्य! तोंडातून गेल्यावर कळलं.

सोहमनं तारेला चिकटपट्टी गुंडाळली. आम्ही समोरासमोर आलो. पारदर्शक भिंतींची ती खोली, बाहेर गर्दी. माइकवर कुणीतरी म्हणालं, "मावशींना सांभाळून घ्या हां!"

कुणी सांभाळून घेतलं नाही. पहिल्याच धडकेत कुर्लीचं एक चाक उडालं आणि भिंतीवर फटकन आदळलं. गर्दी खूश. दुसऱ्या धडकेत पत्रा फाटला. माझा अंगठा रिमोटवर घामानं घसरत होता. नणंद किंचाळत होती, "तिरकी घे, वैनी, तिरकी घे!" तीन चाकांवर कुर्ली तशीही तिरकीच चालत होती. तेवढ्यात रणवीरमधून धूर आला. चिकटपट्टी वितळली. चकती थांबली. जळक्या व्हार्निशचा वास आला, माझ्याच हातच्या कामाचा. वाईट वाटलं? वाटलं. आनंद झाला? तो जास्त झाला. मी पातं खाली घातलं आणि रणवीरला उलथं केलं. चाकं वर, पोट उघडं. पंचांनी दहा मोजले.

माइक माझ्या हातात दिला, आभार मानायला. मी आभार मानले नाहीत. कुर्ली उलटी केली, तिच्या मोटरींवरच्या गाठी दाखवल्या आणि म्हटलं, "आता ती मोटर उघडा. बघा हात कुणाचा आहे."

प्राध्यापकांनी उघडली. बघितली. पुन्हा कुर्लीकडे बघितलं. आणि म्हणाले, "हा विषय आपण नंतर पाहू." तो नंतर अजून उगवलेला नाही.

पुढच्या फेरीत सांगलीच्या मुलांनी कुर्लीचे अर्ध्या मिनिटात तुकडे केले. चोख हरले. ते तुकडे गोळा करायला त्यांचीच मुलं धावली. एकानं विचारलं, "काकू, पातं कशाचं होतं?" दिवसभरात मला विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न.

शेवटी बक्षिसं. 'गृहिणींसाठी विशेष प्रोत्साहन', एक शाल आणि स्टीलचा डबा, अण्णांच्या हस्ते. मी मंचावर गेले. अण्णा शाल पसरून उभे, फोटोवाला तयार. मी विचारलं, "हरलेल्या बाकीच्यांना डबा दिलात का?" मी रिकाम्या हातानं खाली उतरले. अण्णांच्या हातातली शाल तशीच पसरलेली राहिली. काय फोटो आला असेल!

अण्णांनी शब्द पाळला. त्यांचे पंप बंद झाले, आणखी तीन बागायतदारांचेही. खोटं कशाला सांगू, हात आखडून दिवस काढले. नवरा मुंबईहून फोनवर म्हणाला, "माफी मागून ये." म्हटलं, तू ये आणि माग, मी दुकान बघते.

मग बाजारातून अक्षरांचे पोलादी ठसे आणले, हातोडीनं ठोकायचे. आता दुकानातून मोटर बाहेर जाते ती माझं नाव अंगावर घेऊन. कागदाची चिठ्ठी नाही, रंग नाही. लोखंडात ठोकलेलं पूर्ण नाव, गावासकट. परवा एका बागायतदाराचा गडी पंप घेऊन आला. म्हणाला, "मालक म्हणालेत, नाव घालू नका, बाकी काम करा."

मी पंप उचलून त्याच्या रिक्षात परत ठेवला.

"मालकाला सांग, नाव ठोकल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही."