बूम, गुडघा आणि मास्तरांचे कान

माझा गुडघा वाजतो हे मला डॉक्टरांनी नाही, आमच्या मास्तरांनी सांगितलं. मास्तर म्हणजे आमच्या मालिकेचे ध्वनिमुद्रक. साताऱ्याच्या पुढं एका गावात महिन्यातले पंधरा दिवस आमचं शूटिंग चालतं. मास्तर कोपऱ्यात खुर्ची टाकून, कानाला हेडफोन लावून बसतात आणि मी बूम धरतो. बूम म्हणजे एक लांब काठी, टोकाला माईक. नट बोलत असला की ती त्याच्या डोक्यावर, नाहीतर खालून पोटाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी धरायची. काठी हलकी आहे असं सगळे सांगतात. दुकानात ती हलकीच असते. हात वर करून चार मिनिटं धरली की भरलेल्या घागरीएवढी होते, आणि घागर निदान डोक्यावर तरी ठेवता येते.

त्या दिवशी सासू सुनेला माफ करत होती. दोन वर्षांनी एकदाची करत होती, त्यामुळे सेटवर सगळे श्वास रोखून उभे. मी खाली उकिडवा बसलेलो. सासू उठली, तिच्याबरोबर माईक घेऊन मीही उठलो. सीन झाला, दिग्दर्शक खूश झाला, आणि मास्तरांनी एक हात वर केला. मास्तरांचा हात वर गेला की टेक परत, हा आमच्याकडचा कायदा आहे.

"गुडगा वाजला," मास्तर म्हणाले.

कुणाचा, असं मी विचारलं. तेव्हा सेटवरच्या झाडून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, सासूनंसुद्धा.

दुपारी जेवताना मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या ताटात भज्यांचा ढीग होता. सहा महिने ऐकतोय, म्हणाले. आधी धाप यायला लागली, मग घसा, आता गुडघा. डॉक्टर छातीला नळी लावून अर्धं मिनिट ऐकतो, मी तुला दिवसाचे बारा तास ऐकतो. मग भजं संपवून त्यांनी निकाल दिला.

"म्हैन्यानं कोयनानगरला जायचंय. तवर तुझं अंग गप झालं तर बूम तुझा. न्हाईतर तू लेपल लावायला बस गड्या."

लेपल म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा माईक, नटांच्या कपड्यांत लपवायचा. बसून करायचं काम. पगार तोच, सावलीही मिळते. कुणालाही वाटेल, बरं झालं. मला मात्र तसं वाटेना. बावीस वर्षं मी मास्तरांसाठी बूम धरतोय. माणूस बोलायच्या आधी जरासा थांबतो, तेव्हा माईक त्याच्याकडं कधी वळवायचा हे मला कळतं. एवढी एकच गोष्ट मला जगात नीट येते. ती गेली तर मी नुसता पिना टोचणारा माणूस, आणि त्याची मला भीती वाटली. राग तर आलाच. कारण मास्तर स्वतः खुर्चीतून उठताना आधी खुर्ची कण्हते. खुर्चीपासून गाडीपर्यंत, हे त्यांचं दिवसभराचं चालणं. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण माझ्या ओठांवर आली होती, पण ती मी भज्याबरोबर गिळली.

शेड्यूल संपल्यावर माधवनगरला घरी आलो आणि बायकोला सांगितलं. बायको सांगलीच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून मी तिच्या शिट्टीपासून लांब राहिलो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला गच्चीवर उभं केलं. दारामागचा वेळू काढला, त्याच्या टोकाला ओला पंचा बांधला आणि तो माझ्या हातात दिला. हात वर, कोपर सैल, गुडघे किंचित वाकलेले, श्वास नाकानं. दीड मिनिटात माझे हात लटपटायला लागले आणि पंच्याचं पाणी माझ्याच डोक्यावर ठिबकलं.

"अहो, तुम्ही काठी दंडानं धरताय," ती म्हणाली. "दंड दमतो. पाठीनं धरा."

बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी जैन आजी बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"जळमटं काढतोस व्हय रं? झाल्यावर माझ्या घरातली बी काढ."

काढली. काय करणार, वेळू हातातच होता. आजीच्या घराचं छत उंच, त्यामुळे चांगला अर्धा तास व्यायाम झाला. बायको म्हणाली, उद्यापासून रोज दोन घरं.

भडंगाचा डबा कपाटात कुलपात गेला. त्याच्या जागी मोड आलेली मटकी आली, सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. वडील गिरणीत होते, मागाच्या खडखडाटानं त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. ते मला भिंतीला टेकलेला बघून रोज मोठ्यानं विचारायचे, की सुनेनं ह्याला शिक्षा का केली आहे.

शूटिंगला परत गेलो तेव्हा गुडघा गप झाला होता. धापही कमी होती. पण मटकी बोलायला लागली. मालिकेतले सासरे वारले होते, त्यांच्या फोटोसमोर घर शांत बसलेलं, आणि माझ्या पोटातून एक लांबलचक गुरगुर निघाली. मास्तरांचा हात वर गेला. सासरे अजून जिवंत दिसतात, एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून मटकी फक्त रात्री.

मग कोयनानगर आलं. घाटातल्या वळणांनी निम्मं युनिट आडवं झालेलं. सीन असा होता, की एक म्हातारी धरणाच्या पाण्याकडं बघत, पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाबद्दल बोलते. सलग चार मिनिटं. काम करणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या, आवाज अगदी हळू, आणि त्यांच्या कडक सुती लुगड्यात लेपल खसखसायचा. म्हणजे बूमच. जागा उताराच्या खाली, गाडी वर रस्त्यावरच राहिली. त्यामुळे मास्तरांनाही रेकॉर्डर घेऊन तो दगडधोंड्यांचा उतार पायानं उतरावा लागला. ते माझ्या मागं दोन हातांवर एका दगडावर बसले.

बाई बोलायला लागल्या. मी उतारावर एक पाय वर, एक खाली, गुडघे वाकवून, पाठीनं धरली काठी. गुडघा गप. पोट गप. बाई शेवटचं वाक्य बोलून थांबल्या, मला आनंदानं भरून आलं, आणि मी मागं बघितलं. मास्तरांचा हात वर होता.

बारीक शिट्टीसारखा श्वास येतोय, ते म्हणाले. तोंड बंद कर म्हणाले, मी केलं. श्वास रोख म्हणाले, मी रोखला. त्यांनी डोळे मिटून हेडफोन दाबले आणि मान हलवली. येतोच आहे. कॅमेरावाल्यांना लांब पाठवलं, तरी येतोच आहे. मी रोखलेला श्वास सोडला, तेव्हा मला काठीवरून नाही, माझ्या पाठीमागूनच ती शिट्टी ऐकू आली. मास्तरांनी मग हळूच स्वतःचा श्वास रोखला, थोडा वेळ ऐकत राहिले, आणि हेडफोन काढले.

"माझाच हाय," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. महिनाभर मी अशाच एका क्षणाची वाट बघत होतो. पण त्यांचा चेहरा बघून माझ्यातली सगळी थट्टा आटली. त्यांनी रेकॉर्डरची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, हेडफोन माझ्या कानांवर बसवले, आणि उताराच्या वर, आवाज पोचणार नाही इतक्या लांब जाऊन पाठमोरे बसले. वर चढताना ते दोनदा थांबले होते.

दुसरा टेक मी एकट्यानं घेतला. काठी, पिशवी, कान, सगळं माझ्याकडं. बाईंचा आवाज कानात इतका जवळ होता, की त्यांनी आवंढा गिळलेला मला कळला. त्याच्याखाली काहीच नव्हतं, माझं अंगसुद्धा नव्हतं. टेक झाल्यावर मी वर गेलो. बावीस वर्षांत मास्तरांनी न ऐकलेला तो पहिला टेक.

"कसं झालं रं?" त्यांनी विचारलं.

चांगलं झालं, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, की माझी बायको साठीच्या माणसाला शिकवते का.

बायकोनं आधी डॉक्टरांकडं पाठवलं, मग आणखी दोन तपासण्यांना, आणि त्यानंतरच गच्चीवर यायची परवानगी दिली. पुढच्या रविवारी मास्तर मिरजेहून पहिल्या बसनं आले, कोरे पांढरे बूट घालून. आजी वाळवण सोडून कठड्याशी आली आणि जळमटांना आता माणूस ठेवलास का, म्हणून तिनं मला विचारलं. बायकोनं शिट्टी गळ्यातच राहू दिली आणि मास्तरांच्या हातात वेळू दिला, पंच्याशिवाय.

मी त्यांच्या मागं दोन हातांवर डोळे मिटून बसलो. ते रोज मला ऐकतात, तसं मी त्यांना ऐकत होतो. पहिले वीस सेकंद काही नव्हतं. मग ती बारीक शिट्टी यायला लागली. ते हट्टानं वेळू वर धरून उभे होते. मी हात वर केला.

"मास्तर, खाली घ्या," मी म्हणालो. "उद्या परत."