पुठ्ठ्यात गेलेली पानं

माझे सासरे देवाजी घटकाभर एका जागी बसले, की सासूबाई त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. बाबा स्टील प्लांटमधून निवृत्त झाले, पण त्यांच्या हातांना कुणी निवृत्त केलंच नाही. नळ दुरुस्त केला, पंखा दुरुस्त केला, मग नीट चाललेलं घड्याळही दुरुस्त केलं. सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये खोलायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बौद्ध विहारातली पुस्तकं बांधायला घेतली.

विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पहिल्या ओळीपासून सुरू करायचं, शेवटच्या ओळीला थांबायचं. मधलं काही कुणी कधी शोधत नाही. त्यामुळे तो जाडजूड ग्रंथ बांधताना शेवटची बारीक अक्षरांची पानं बाबांना बिनकामाची वाटली. नुसती नावं आणि आकडे, ते कोण वाचून दाखवणार? पुठ्ठा पातळ होता. बाबांनी ती पानं खळ लावून एकावर एक चिकटवली आणि मागचा पुठ्ठा दणकट केला. विहारात त्याचं कौतुकही झालं.

हिवाळ्यात भागाबाईंचं, म्हणजे सासूबाईंच्या आईचं, ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मोहन नगरातल्या घरून त्यांचा मला फोन आला. "जवाईबापूले म्हन, विहिरीवरच्या थ्या पोरीची गोष्ट वाचून दाखवा. थे ऐकून मी दवाखान्यात जातो."

बाबांनी ग्रंथ पिशवीत घातला आणि आम्ही तिघं निघालो.

"वाचनात पोळ्याच्या आसपास येते थे गोष्ट," म्हणत बाबांनी ग्रंथ मधोमध उघडला. पण यंदा वाचन तेजरामने केलं होतं, आणि तेजरामला वाचताना घरी जायची घाई असते. त्यामुळे यंदा पोळ्यापर्यंत ग्रंथ बराच पुढे गेला होता, आणि मधोमध ती गोष्ट नव्हती. बाबा मागे गेले, पुढे आले, बोटाला थुंकी लावून पुन्हा मागे गेले. सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत मोठमोठ्या प्रकरणांची नावं होती, विहीर कुठेच नव्हती. ते उठले, पाणी प्यायले, परत बसले. भागाबाई आजी डोळे मिटून वाट बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि बाबांचा रागही यायला लागला.

"बाबा, मागची सूची बघा ना! अक्षरांच्या क्रमाने सगळं असतं, पुढे पानाचा आकडा."

"कोनची सूची?"

"शेवटची बारीक पानं."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी ग्रंथ उलटा केला आणि मागचा पुठ्ठा गुपचूप माझ्यापुढे धरला.

"अवो, तुमाले शांत बसताच येत नाही का?" सासूबाई कडाडल्या.

मी ओल्या फडक्याने पुठ्ठा भिजवला. पानं सुटू लागली, दोनचार फाटली. बाबा येरझाऱ्या घालत मधूनमधून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. अखेर 'विहीर' सापडली. तिच्यापुढे त्या मुलीचं नाव होतं आणि पानाचा आकडा.

बाबांनी वाचायला घेतलं. मुलगी म्हणते, मी खालच्या जातीची, माझ्या हातचं पाणी तुम्हाला कसं चालेल? भिक्षू म्हणतो, मी पाणी मागितलं, जात नाही. आजींचे ओठ सोबत हलत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "थ्या मागच्या पानाईत पोरीचं नाव होतं?"

"होतं, मामी," बाबा सासूबाईंना म्हणजे आजींना म्हणाले.

"मंग तिले पुठ्ठ्यात कावून दाबून ठेवलं होतं, बापू?"

बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बराच वेळ हलले नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितलं नाही.